गुडघ्याची गोळी आणि पोटातली आग

आईचे गुडघे धरले की डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीशिवाय तिचं पान हलत नाही. आणि गोळी सुरू झाली की छातीखाली जळजळ, रात्री उठून थंड दूध. या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनणं अडवतात, आणि जठराचा आतला बुळबुळीत थर त्याच्याच जिवावर टिकतो. काम रक्तातून होतं, त्यामुळे भरल्या पोटी घेऊनही धोका पुरता टळत नाही.

शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमधाची पूड सुचवली. चवीला गोड, घशाला छान. पण आईला बीपी! ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन रोज पोटात गेलं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. ते बाद. शतावरी कल्प दुधातून तिला आवडतो, तो ठेवला. औषध म्हणून नव्हे, लाड म्हणून.

खरा गुण आला तो डॉक्टरांनी चिठ्ठी बदलल्यावर. गोळीऐवजी गुडघ्याला लावायचं जेल, फारच ठणकलं तर पॅरासिटामॉल, आणि काही दिवस सकाळी न्याहारीआधी अर्धा तास पोटातलं आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल. जळजळ गेली, रात्रीचं दूधही सुटलं. शौचाला डांबरासारखं काळं झालं (पोटात रक्तस्राव होत असल्याची ही खूण असू शकते), तर मात्र काढे उकळत न बसता थेट दवाखाना गाठायचा, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय.