कुड्याच्या सालीतून अल्कलॉइड काढताना या चुका टाळा

पांढऱ्या कुड्याच्या १०० ग्रॅम चांगल्या सालीतून २ ग्रॅमच्या आसपास एकूण अल्कलॉइड (वनस्पतीतले नायट्रोजन असलेले आम्लारिधर्मी पदार्थ) मिळतात. त्यात मुख्य कोनेसिन. तरी एमएस्सीच्या प्रकल्पांत 'अल्कलॉइड आढळले नाहीत' हे वाक्य येतच राहतं. साल बिचारी निर्दोष असते.

अर्थात ती पांढऱ्या कुड्याची असेल तर. बाजारात काळ्या कुड्याची साल त्याच नावाने खपते आणि वाळलेल्या तुकड्यावरून भले भले फसतात. झाडावरूनच ओळखा: काळ्याच्या जोडशेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. फांदीचा नमुना ओळख पटवायला हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, द्या. पुडीवरचं लेबल हा पुरावा नव्हे.

सगळ्यात महागात पडणारी चूक पीएचची. चूर्णातली चरबी हेक्झेनने काढली, मिथेनॉलचा अर्क आटवला, तो २ टक्के सल्फ्युरिक आम्लात घेऊन गाळला, क्लोरोफॉर्मने एकदा धुतला, इथवर ठीक. (इथे हायड्रोक्लोरिक नको, काही अल्कलॉइडांची ती लवणं क्लोरोफॉर्ममध्येच निघून जातात.) मग अल्कलॉइड लवणातून मोकळे करून क्लोरोफॉर्ममध्ये ओढायला अमोनिया घालताना लिटमस निळा झाला की हात थांबतो. पीएच जेमतेम ८. कोनेसिनचे दोन्ही नायट्रोजन तृतीयक अमाइनचे, चांगले आम्लारिधर्मी. ८ ला ते लवणरूपातच पाण्यात बसून राहतात. एका प्रयोगशाळेत असंच झालं. क्लोरोफॉर्म उडवल्यावर फ्लास्कच्या तळाला नुसता पिवळट डाग उरला आणि साल 'निकस' ठरली. पाण्याचा थर मात्र कुणीतरी आळसाने बेसिनपाशीच ठेवला होता. त्यात अमोनिया घालून पीएच ११ केला, तर पाणी दुधासारखं झालं. सगळा माल त्यातच होता. पीएच १० ते ११, पट्टीवर मोजूनच. आणि हाती पदार्थ येईपर्यंत कोणताही थर ओतायचा नाही.

इमल्शन झालं, म्हणजे पाणी आणि क्लोरोफॉर्मचे थर वेगळेच होईनात? थर वेगळे करायचं फनेल जोरात घुसळलात. हलकेच उलटसुलट करा, चिमूटभर मीठ टाका, थांबा. घाई असेल त्याने हे काम घेऊच नये.

दुसरी लाडकी चूक: टीएलसी प्लेट (सिलिकाचा पातळ थर दिलेली, मिश्रणातले पदार्थ ठिपक्यांत वेगळे करणारी पट्टी) २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायची, काही दिसलं नाही की फेकायची. कोनेसिनमध्ये ना बेंझिन वलय, ना संयुग्मित द्विबंध. दिव्याखाली दिसणार काय? अल्कलॉइड ओळखणारं ड्रॅगेनडॉर्फ अभिकर्मक फवारा, नारिंगी ठिपका उठेल. पण पॉलिइथिलीन ग्लायकॉलही तसाच नारिंगी होतो, म्हणून प्रत्येक प्लेटवर कोऱ्या द्रावकाचा ठिपका हवाच. ठिपक्याची शेपूट ओढली जात असेल तर प्लेट चालवायला टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, डायइथाइलअमाइन यांचं ७:२:१ मिश्रण घ्या. नुसत्या सिलिकावर अमाइन चिकटतात.

डायक्लोरोमिथेनमध्ये अर्क रात्रभर ठेवू नका, तृतीयक अमाइन त्याच्याशी अभिक्रिया करतात.

मास स्पेक्ट्रममध्ये (रेणू आणि त्यांच्या तुकड्यांची वस्तुमानं दाखवणाऱ्या आलेखात) ३९१ आणि १४९ दिसले तर नवा अल्कलॉइड सापडला म्हणून पेढे वाटू नका, ते प्लॅस्टिकच्या नळीतलं थॅलेट, म्हणजे प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन, आहे. कोनेसिन ३५७ ला दिसतं, पण ३५७ दिसलं म्हणजे कोनेसिनच, असंही नाही. शुद्ध कोनेसिनचा प्रमाण नमुना शेजारी चालवा, दोन्ही मिसळून वितळणांक घ्या. १२५ अंशांच्या आसपास यायला हवा. मिश्रणाचा खाली घसरला, तर पुन्हा कॉलममधून शुद्ध करा.