थ्रीडी भिंतचित्र काढून घेताय? या चुका टाळा

मोबाईलवर व्हिडिओ दिसतो: सपाट भिंतीतून धबधबा बाहेर कोसळतोय, नाहीतर नसलेल्या बाल्कनीतून कुणीतरी खाली वाकून बघतंय. मग तो पेंटरला दाखवून ‘आपल्याला असंच पाहिजे’ म्हणून सांगितलं जातं. क्लासवाले, हॉटेलवाले, मंगल कार्यालयवाले, नवीन बंगला बांधलेले, सगळ्यांचं हेच. माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठवाड्यातल्या बहुतेक बाहेरच्या भिंती अशा चित्राच्या कामाच्या नाहीत. पेंटर कितीही तयारीचा असला तरी शेवटी भिंतच ठरवते.

बघणारा कुठं उभा राहणार, हे न ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खोलपणाचा भास होणारं चित्र एका ठरावीक जागेवरूनच जुळतं. रोमच्या संत इग्नेशियस चर्चमध्ये घुमट बांधलाच गेला नाही, म्हणून आंद्रेआ पोझोनं १६८५ साली सपाट कॅनव्हासवर घुमट रंगवून वर बसवला. तो खरा वाटावा यासाठी नेमकं कुठं उभं राहायचं, हे दाखवायला फरशीत चकती बसवलेली आहे. तिच्यावरून बाजूला झालात की घुमट कलंडतो. आता लातूरच्या गंजगोलाईचा विचार करा. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं लोकांना कुठल्या चकतीवर उभं करणार? व्हिडिओत सगळं जुळून येतं, कारण कॅमेरा बरोबर त्या जागेवर ठेवलेला असतो आणि त्याला डोळाही एकच असतो. गिऱ्हाईक मात्र चालत येतं, दोन्ही डोळ्यांनी बघत येतं.

म्हणून आखणीच्या आधी रात्री प्रोजेक्टर लावून कच्चं चित्र भिंतीवर पाडा आणि गेटपासून, रस्त्याच्या पलीकडून, चहाच्या टपरीवरून बघा. क्षितिजाची रेघ बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीला, म्हणजे रस्त्यापासून साधारण पाच फुटांवर यायला हवी. परांचीवर उभा राहिलेला पेंटर ती नकळत स्वतःच्या डोळ्यासमोर ओढतो आणि खालच्या माणसाला चित्रातली जमीन आपल्या अंगावर कलल्यासारखी दिसते.

लोक चारी बाजूंनी येत असतील तर खोल दऱ्या, बोगदे, धबधबे सोडूनच द्या. वीतभर खोलीचं काढा: कोनाडा, खिडकीची चौकट, दगडी पट्टी, सागवानी तुळयांची टोकं. असला उथळ भास तिरकं बघितलं तरी फारसा मोडत नाही. आपल्याकडे हे जुनंच आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत, म्हणून तर लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. बीबी का मकबऱ्यात संगमरवर खालच्या भागात आणि घुमटाला आहे, मधे काळ्या दगडावर गुळगुळीत पांढरा गिलावा. दोन्हीकडे भास पदार्थाचा आहे, अंतराचा नाही, त्यामुळे कुठूनही बघा, चालतं.

पश्चिमेची भिंत निवडणं

रस्ता त्या बाजूला आहे म्हणून लोक बिनदिक्कत पश्चिमेची भिंत देतात. खोलपणा दाखवायचा तर गडद रंग लागतात, आणि गडद रंग ऊन पितो. एप्रिल-मेच्या दुपारी आतली खोली आधीच भट्टी झालेली असते, वर तिच्या भिंतीवर आपण काळीकुट्ट गुहा रंगवायची! रंगही तिथंच आधी उडतो. लाल-पिवळ्यातले भडक रंग लवकर फिके पडतात. गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा हे बरेच टिकतात. शिवाय रंगवलेली सावली एका बाजूला आणि उन्हाची खरी सावली दुसऱ्या बाजूला पडली की लबाडी लगेच उघडी पडते.

उत्तरेची भिंत मिळाली तर डोळे झाकून घ्या. आपल्या भागात उन्हाळ्यातले काही आठवडे सोडले तर तिच्यावर थेट ऊन फारसं येत नाही, उजेड सारखा राहतो आणि रंगवलेल्या सावलीला खोटं पाडणारं कुणी नसतं. वरून चकचकीत वॉर्निश मात्र मारू नका. भिंत चमकली की ती भिंत आहे हे कळतं, आणि गिलाव्यातल्या थापीच्या लाटाही दिसतात. मॅट फिनिशच ठेवा.

तडे आणि लोणा रंगाखाली दडपणं

काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात माती आकसली की तडकतं आणि पावसाळ्यात ती फुगली की तडा मिटल्यासारखा वाटतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर बघितलेली भिंत निरोगी वाटते. तडे मे महिन्यात बघा. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख टाका. पुढच्या उन्हाळ्यात तडा खुणेच्या पुढं गेला असेल तर भिंत अजून हलतेय, तिच्यावर चित्र नको. साध्या रंगावरचा तडा खपून जातो. रंगवलेल्या आभाळातून गेलेला तडा बघताच आभाळ संपतं.

लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारा क्षार, त्याचंही तसंच. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं गिलावा भिजवलेला असेल तर पांढरी भुकटी वर येणारच. ती पाणी मारून धुऊ नका, क्षार परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा, ओल कुठून येते ते शोधा (बहुतेक वेळा गच्चीचा कठडा नाहीतर फुटका पाइप), मग प्रायमर. नवीन गिलाव्याला किमान महिनाभर हात लावू नका. या दुरुस्तीचा खर्च ऐकून चित्राचं बजेट उरलं नाही तर उत्तमच, पैसे योग्य जागी गेले.

शेजारचा रिकामा प्लॉट विसरणं

भिंत मोकळी दिसते कारण शेजारी अजून बांधकाम नाही, एवढंच. सात-बारा कुणाचा आहे ते आधी बघा. अमेरिकेतल्या मायामी बीचच्या फाँटनब्लू हॉटेलबाहेर रिचर्ड हास यांनी १९८६ मध्ये रंगवलेलं प्रचंड भासचित्रही २००२ मध्ये भिंतीसकट पाडलं गेलं. आणि भिंत राहिली तरी चित्र एकदा काढलं की झालं, असं नसतं. फ्रान्समधल्या लियों शहरातलं विणकरांचं १२०० चौरस मीटरचं भिंतचित्र १९८७ चं. ते १९९७ आणि २०१३ मध्ये पुन्हा रंगवावं लागलं. पेंटरशी बोलताना पुन्हा हात फिरवायचा दर आजच ठरवा आणि प्रत्येक रंगाचं मिश्रण लिहून घ्या, नाहीतर पोपडा निघाल्यावर लावलेलं ठिगळ लांबून ओळखू येतं.

वळणावरच्या भिंतीवर खोटा रस्ता आणि क्लासच्या जिन्याशेजारी खोटं दार काढू नये, हे सांगायला लागू नये. पण सांगून ठेवतो.

चित्र काढून झालंय आणि वेडंवाकडं दिसतंय? सगळं पुसू नका. जवळ आल्यावर नजर खालच्या सहा-सात फुटांवरच अडकते. तेवढा पट्टा साध्या दगडी रंगानं जोत्यासारखा करून टाका. वरचा भाग लोक लांबूनच बघतात, तो बऱ्यापैकी सावरतो.