लायसन्सचं हत्यार: आधी काडतूस बघा

कापूस विकून रोख घेऊन उशिरा गावी परतणारे, आडवळणी वावरात राहणारे बरेच जण लायसन्स काढतात आणि दुकानात गेल्यावर 'किती गोळ्या बसतात?' एवढंच विचारतात. आधी बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप, विचारा. 9 एमएम प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य माणसाला त्याचं लायसन्स मिळत नाही. म्हणून निवड बहुतेकदा .32 (इंचाच्या) बोअरवरच येते.

आता खरी मेख. .32 रिव्हॉल्व्हरचं आणि .32 पिस्तुलाचं काडतूस एक नाही. दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून बघा: रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला स्पष्ट बाहेर आलेली कड, पिस्तुलाचं बुटकं, कड जेमतेम नखाला लागेल एवढी. खरेदी करताना डबीवरचं नाव वाचा, नुसतं 'बत्तीस' म्हणून उचलू नका.

सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये 6 गोळ्या बसतात. पिस्तुलात दोनेक जास्त, पण त्यासाठी सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. एखादं काडतूस फुटलं नाही तर रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा दाबला की पुढचं समोर येतं. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मात्र हातानं मागे ओढावी लागते, आणि घाबरलेल्या हाताला ते सुचत नाही.

मे महिन्यात कमरेला घामानं कातडी होल्स्टर भिजतं आणि लोखंडाला तांबेरा धरतो. घरी आल्यावर हत्यार रिकामं करा, कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हात फिरवा आणि कुलपात ठेवा. रानडुकरासाठी ते नाही, हेही ध्यानात असू द्या.