हवामानबदल माणसामुळे की निसर्गामुळे? सोसायटीत चर्चा घ्यायची तर अशी घ्या

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत काय किंवा नेरूळ-ऐरोलीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर काय, उन्हाळा आला की हा वाद निघतोच. एक जण म्हणतो, सगळं माणसानेच ओढवून घेतलं. दुसरा म्हणतो, पृथ्वी आधीही तापायची आणि थंड व्हायची, त्यात आपण कोण? थोड्या वेळाने आवाज चढतात. खरा वाद बहुतेकदा पैशांचा असतो: गच्चीवर सोलर बसवायचं का, गाड्यांच्या चार्जिंगचा खर्च कुणी उचलायचा. खर्च नको असला की मूळ कारणच नाकारणं सोपं पडतं. म्हणून पहिला नियम असा: कारणाची चर्चा आणि खर्चाची चर्चा एका बैठकीत घेऊ नका. हा विषय सर्वसाधारण सभेला जोडू नका आणि सुरुवातीलाच सांगून टाका, "आज कसलाही ठराव नाही, वर्गणीचा विषय नाही."

वेळ दीड तास ठेवा, माणसं पंचवीस-तीस. सूत्रसंचालन सेक्रेटरींकडे देऊ नका, नाहीतर पाण्याच्या टँकरचा विषय निघणारच. प्रोजेक्टरपेक्षा फळा बरा. तयार आलेख दाखवला की "हा कुणी बनवला?" इथेच गाडी अडते. तीच गणितं लोकांनी आपापल्या मोबाइलवर करून फळ्यावर मांडली की ती त्यांची होतात.

गणिताची सुरुवात पेट्रोलपासून करा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता अडवून धरणारा वायू, तयार होतो. कुणीतरी लगेच विचारेल, पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू आला कुठून? या प्रश्नाची वाटच बघा. त्या पेट्रोलमध्ये साधारण ६४० ग्रॅम कार्बन असतो आणि जळताना तो हवेतला ऑक्सिजन घेतो. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन, एकूण ४४. म्हणजे ६४० ला ४४ ने गुणा आणि १२ ने भागा. उत्तर जुळतं. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधून याच हिशेबाने ४२ किलोच्या आसपास वायू निघतो.

आता जगाचा हिशेब. हा मन लावून करा, कारण वादाचा निकाल इथेच लागतो. कोळसा, तेल, गॅस, सिमेंट आणि जंगलतोड धरून माणूस वर्षाला सुमारे ४१ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. हवेत या वायूचं प्रमाण एक पीपीएमने, म्हणजे दहा लाखांत एकाने, वाढायला ७.८ अब्ज टन लागतात. भागाकार केला तर वर्षाला सव्वापाच पीपीएम वाढ दिसायला हवी. प्रत्यक्षात अलीकडच्या वर्षांत ती अडीचच्या आसपास आहे. उरलेला वायू समुद्र आणि झाडंझुडपं शोषून घेतात. सोसायटीच्या खात्यात तुम्ही सव्वापाच रुपये भरलेत आणि शिल्लक अडीचनेच वाढली, तर दुसरा कुणी भर घालत नसून काढून घेतोय, हे कळायला सीए लागत नाही. निसर्ग इथे काढून घेणारा आहे. "समुद्रच वायू सोडतोय" हा आक्षेप या ताळेबंदात टिकत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात हवेतल्या या वायूचे तीन आकडे, पीपीएममध्ये, मोठ्या अक्षरांत ठेवा: औद्योगिक युगाआधी २८०, हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजमाप सुरू झालं तेव्हा ३१५, आणि २०२४ ची सरासरी ४२० च्या वर.

ज्वालामुखीचा मुद्दा येईलच. पारसिकचा डोंगर ज्या लाव्ह्याचा झाला ते उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. आजचे जगभरातले सगळे ज्वालामुखी मिळून माणसाच्या एक टक्काही कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. तरी कुणी अडून बसलं तर कार्बनच्या जातींकडे वळा: कार्बन-१२, १३ आणि १४, म्हणजे कार्बनचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू. वनस्पती कार्बन-१२ जास्त उचलतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१३ कमी असतो. कार्बन-१४ किरणोत्सारी, तो तर लाखो वर्षांत संपून गेलेला असतो. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, पण कार्बन-१३ तितका कमी नसतो. जंगल जळलं तर कार्बन-१३ कमी, पण कार्बन-१४ शाबूत. हवेत दोन्ही घटताना दिसले तर बोट जमिनीखालच्या इंधनाकडेच जातं. कार्बन-१४ ची घट शास्त्रज्ञ हान्स सूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडातल्या वार्षिक वर्तुळांवरून दाखवली. त्यानंतरच्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ ची भर पडली, म्हणून त्यासाठी जुनीच वर्तुळं बघावी लागतात. कुणी नंतरचे आकडे काढून "वाढलाय की!" म्हणालं तर गोंधळू नका.

सूर्याचा आक्षेप जास्त सभ्य असतो, त्याला उत्तरही नीट द्या. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतात. अकरा वर्षांच्या चक्रात ती ०.१ टक्क्याच्या आसपास हलते, पण तापमानाबरोबर चढत गेलेली नाही. दुसरी खूण त्याहून पक्की. सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय, जसं हवामानशास्त्रज्ञ मानाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ साली गणिताने सांगितलं होतं. मानाबे यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वरच्या थराचा खालचा भाग ओझोन कमी झाल्यानेही थंड झालाय. म्हणून त्याहून उंचावरचे आकडे द्या.

"अहो, ठाण्यात टॉवर झाले, झाडं गेली म्हणून उकडतं!" असं कुणी काका म्हणाले तर त्यांना खोडू नका. ते बरोबर बोलतायत, फक्त ते वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. सिमेंट-डांबराने शहर तापतं, ते स्थानिक. त्यांना असं विचारा: "काका, हे मान्य. पण समुद्रावर ना टॉवर ना डांबर, तो का तापतोय?" पृथ्वीवर साचणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते आणि ती आर्गो नावाच्या, समुद्रात तरंगत तापमान नोंदवणाऱ्या हजारो यंत्रांनी मोजली जाते.

प्रयोग दाखवायचा असेल तर दोन बाटल्यांचा दाखवू नका, एका बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरून दिव्याखाली ठेवायचा तो. त्यात दिसणारा फरक बराचसा वायूच्या घनतेमुळे पडतो, म्हणजे निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक. एखाद्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने ते पकडलं की सगळ्या बैठकीवरचा विश्वास उडतो.

त्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कपाळावर धरायचा नको, त्याची कक्षा अपुरी पडते. उणे पन्नास अंशांपर्यंत दाखवणारा कारखान्यातला हवा. एसी हॉलमधून थेट गच्चीवर नेलात तर आकडे चुकतात आणि आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरते. आधी पंधरा-वीस मिनिटं गच्चीवरच ठेवा. अंधार पडल्यावर तो सरळ डोक्यावर रोखा, पाण्याची टाकी आणि शेजारची इमारत टाळा. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र आकाश हवेपेक्षा बरंच थंड दिसतं. ढग आला की आकडा वर चढतो, कारण ढग खाली उष्णता पाठवतो. पावसाळ्यात हा प्रयोग फसतो, तुलनेला निरभ्र आकाशच मिळत नाही. आणि हे न विसरता सांगा: हे यंत्र ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या उष्णतालहरी बघतं, कार्बन डायऑक्साइड ज्या लहरी शोषतो त्यांचा मुख्य पट्टा १५ च्या आसपास आहे. म्हणजे इथे दिसतं ते प्रामुख्याने पाण्याच्या वाफेचं आणि ढगांचं काम. वरून उष्णता परत येते, एवढंच यातून सिद्ध होतं.

"माणसामुळे" ही बाजू मांडणाऱ्याने दोन गोष्टी स्वतःहून कबूल कराव्यात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं चुकीचं छापलं गेलं होतं आणि २०१० मध्ये ती चूक मान्य केली गेली. दुसरं, २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस "तापमानवाढीनेच झाला" असं म्हणू नका. एका दिवसाचं तसं सांगता येत नाही. हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे मोठ्या पावसाला बळ मिळतं, इतकं म्हणा.

"हा परदेशी लोकांचा डाव आहे" म्हणणाऱ्यांपुढे अमेरिकेचा अहवाल ठेवून उपयोग नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल ठेवा. तो पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी संपादित केलाय. १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, त्याचं मुख्य कारण हरितगृह वायू, आणि धूलिकणांनी त्यातली काही वाढ झाकली, असं त्यात म्हटलंय. मात्र या लोकांच्या बोलण्यात एक खरी सल असते आणि ती उडवून लावणं अन्यायाचं होईल. भारतात माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या आसपास. "मग आम्हीच का भोगायचं?" हा रास्त प्रश्न आहे, पण तो जबाबदारीचा आहे, कारणाचा नाही. फळ्यावर त्याला वेगळा रकाना द्या आणि पुढच्या बैठकीत तोच आधी घ्या.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. न पटलेला प्रत्येक आक्षेप वहीत लिहा, म्हणणाऱ्याच्याच शब्दांत. त्यापुढे लिहा, कोणता आकडा मिळाला तर त्यांचं मत बदलेल. "कुठलाच नाही" असं उत्तर आलं तर तेही लिहा आणि पुढे जा. हात वर करून मतदान घेऊ नका. फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकताना पूर्ण हिशेब दिसेल असा टाका. नुसता ४२० चा आकडा फिरला की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू.