इम्युनिटीची डबी घेताय? या चुका टाळा

परभणीत आमचं मेडिकल आहे. पहिला पाऊस पडून घरोघरी सर्दी-खोकला सुरू झाला की काउंटरवर ठरलेली मागणी येते, "इम्युनिटीचं काहीतरी द्या." पूर्वी लोक गुळवेल मागायचे, आता मोबाइलवर रेशी अळिंबीच्या (औषधी मशरूमच्या) कॅप्सूलचा फोटो दाखवतात.

सगळ्यात मोठी चूक डॉक्टरांसमोर होते. "काय काय चालू आहे?" असं विचारलं की बीपीची, शुगरची गोळी सांगतात. काढा, चूर्ण, कॅप्सूल मात्र सांगायचं राहतं, कारण "ते काय औषध आहे व्हय?" आमच्याकडे येणारे एक मामा कोरोनापासून रोज गुळवेलीचा काढा घ्यायचे, एक दिवस खाडा नाही. सोबत शुगरची गोळी. गुळवेलही साखर उतरवते. शेतात दरदरून घाम आणि हातपाय थरथरणं दोनदा झालं, तेव्हा कुठं मामींनी काढ्याचं सांगितलं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रेशी आणि हळदीच्या अर्काने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. थायरॉईडवाल्यांनी आणि गरोदर बायांनी अश्वगंधा मनाने घेऊ नये. आमवात किंवा सोरायसिसमध्ये प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते, ती आणखी कशाला चेतवायची? किडनी बदललेल्यांनी तर या डबीला हातच लावू नये. ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सांगा; बहुतेक वेळा दोन आठवडे आधी हे बंद करायला सांगतात.

बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली वेल स्वतःच ओळखून तोडणं ही दुसरी चूक. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. ती दिसायला सारखी असलेली दुसरीच जात असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं. वाद कुणीही जिंको, ओळख पटल्याशिवाय वेल तोडू नये आणि महिनोन्‌महिने काढा ढोसू नये, एवढं दोन्हींतून निघतं.

"हळद तर घरचीच, वसमतची!" खरं आहे, पण कॅप्सूल म्हणजे हळदीचं दूध नव्हे. साध्या हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा गुणकारी घटक, ३ टक्क्यांच्या आसपास असतं, अर्कात ९५ टक्के. ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल म्हणजे जवळपास १५ ग्रॅम हळद झाली. वर मिरीतलं पिपरीन घातलेलं असतं, ते बाकीच्या काही औषधांचंही शोषण वाढवतं.

अळिंबीत फसवणूक जास्त, म्हणून लेबल नीट वाचा. ज्यासाठी अळिंबी घेतात ते बीटा-ग्लुकन नावाचे घटक तिच्या छत्रीत भरपूर असतात. स्वस्त मालात बऱ्याचदा धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (अळिंबीचं मुळांसारखं तंतूंचं जाळं) धान्यासकट दळलेलं असतं. त्यावर मोठ्या अक्षरात "पॉलिसॅकराइड ४० टक्के" लिहितात, पण पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या कणांची लांब साखळी; बीटा-ग्लुकन तसे, आणि धान्याच्या पिठातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच असतो! बीटा-ग्लुकनचा आकडा वेगळा दिला नसेल तर डबी परत ठेवा. आधीच घेतली असेल तर भुकटी पाण्यात कालवून टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, शाळेत बटाट्यावर टाकायचो तसा. काळंनिळं झालं की समजा, पिठाचे पैसे दिलेत. मुतखडा होणाऱ्यांनी चागा ही अळिंबी टाळावी, तिच्यात खडे बनवणारं ऑक्सलेट फार असतं.

लायसन्स नंबरही बघा. अन्नपूरक असेल तर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ आकडी, आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा.

तीन डब्या एकदम सुरू केल्या आणि अंगावर पुरळ आलं, तर दोष कुणाचा ते कळत नाही. तेव्हा तिन्ही बंद करा. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा भूक मेलेली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, डब्या पिशवीत घालून.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ठेवलेल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. पावसाळ्यात चूर्णाला गाठी आणि कुबट वास आला तर उन्हात वाळवून पुन्हा डबीत भरू नका, उकिरड्यावर टाका. अळिंबीच्या डबीत वाढलेली ती दुसरी बुरशी कंपनीने दिलेली नसते.