पिओनीचे गड्डे दसऱ्यापर्यंत लावून घ्या

न्यू जर्सी, ओहायो, मिशिगन, ओंटारिओ या भागांत ज्यांच्या घरापुढे किंवा मागे थोडीफार जमीन आहे, त्यांच्यासाठी हा सल्ला. पिओनी म्हणजे मोठ्या, भरगच्च फुलांचं, दर वसंतात जमिनीतल्या गड्ड्यापासून नव्याने फुटणारं झाड. गणपती उठले की तिच्या तयारीला लागा आणि दसऱ्यापर्यंत, फार तर कोजागरीपर्यंत, लावणी उरका. जमीन गोठण्याआधी मुळांना धरायला सहा आठवडे तरी मिळायला हवेत.

गड्डा तीन ते पाच डोळ्यांचा निवडा. उसाच्या कांडीला असतात तसेच हे डोळे, फक्त गुलाबी-लालसर आणि टोकदार. मूळ कुठे मऊ पडलं असेल तर तेवढा भाग धारदार सुरीने कापून टाका.

आता खोली. निम्म्या तक्रारींचं मूळ इथेच असतं. हळद लावायची सवय असलेल्या हाताने मी पहिले दोन गड्डे चांगले खोल गाडले. चार वर्षं पानं हिरवीगार, कळी मात्र एकही नाही. खत बदललं, पाणी वाढवलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी सप्टेंबरात खणून पाहिलं, तर डोळे सहा इंचांवर! ते वर घेऊन लावले, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी फुलं दिसली. म्हणून सांगते, डोळ्यांवर दोन इंचांपेक्षा जास्त माती नको. खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि डोळ्याच्या टोकापासून काठीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. खणलेली माती पाणी घातल्यावर बसते आणि गड्डाही तिच्याबरोबर खाली जातो. त्यामुळे गड्ड्याखालची माती आधीच दाबून घ्या, आणि पाणी मुरल्यावर पुन्हा एकदा मोजा.

उत्तर कॅरोलिनासारख्या उबदार भागात तर इंचभर मातीही पुरे, कारण डोळ्यांना थंडी लागल्याशिवाय कळी धरत नाही. चार-पाच अंश सेल्सिअसच्या खालची थंडी त्यांना कित्येक आठवडे हवी असते. पुण्याला आईच्या बागेत लावू म्हणून कुणी गड्डा बॅगेत घालून नेऊ नका. परवान्याशिवाय तो नेता येत नाही, आणि नेला तरी तिथे तेवढी थंडी नाही. काश्मीर-उत्तराखंडच्या डोंगरात मात्र पांढऱ्या फुलांची रानटी पिओनी आपोआप उगवते, ही आपल्या देशाचीच.

जागा ठरवताना घाई नको. दिवसाला सहा तास ऊन, पाण्याचा चांगला निचरा, मोठ्या झाडांच्या मुळांपासून लांब आणि दोन झाडांत तीन-चार फूट अंतर असावं. हे झाड पन्नास वर्षंसुद्धा एका जागी राहतं, हलवलेलं त्याला आवडत नाही. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाची पिओनीची बाग आहे, १९२२ सालची. मेच्या अखेरीस एकदा जाऊन बघाच, जुनी झाडं किती पसरतात ते कळेल. जातींत फेस्टिव्हा मॅक्सिमा घ्या. १८५१ पासूनची पांढरी, सुवासिक जात आहे.

कुजलेलं शेणखत खड्ड्याच्या तळाशी मिसळा, डोळ्यांना लागू देऊ नका. नत्र जास्त झालं की पाला माजतो.

जुनी झाडं असतील तर पहिल्या कडक थंडीनंतर वाळलेले दांडे जमिनीलगत कापा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टात नको. बोट्रायटिस नावाची बुरशी त्यांच्यावर हिवाळा काढते. वसंतात वाटाण्याएवढ्या कळ्या काळ्या पडून सुकतात, ते तिचंच काम. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध मारू नका. त्या गोड रसासाठी येतात आणि झाडाला काही करत नाहीत.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी धीर धरा, तिसऱ्या वर्षी झाड खरं बहरतं. लावल्या लावल्या प्रत्येक गड्ड्याशेजारी एक काठी रोवा. बर्फ वितळल्यावर वाफा मोकळा दिसतो आणि निंदणी करताना वर येणारा लाल कोंब हाताखाली मोडतो. तो मोडला की त्या कोंबाचं त्या वर्षीचं फूल गेलं.