एआयच्या मदतीने पुस्तक करताय? या चुका टाळा

संपादकाच्या टेबलावर येणाऱ्या संहितांमध्ये आता एक नवा प्रकार लगेच ओळखू येतो. शुद्धलेखन बऱ्यापैकी नीट, परिच्छेद एकाच मापाचे, वाक्यं तुळतुळीत आणि मध्येच कुणीही कधीही न लिहिलेल्या पुस्तकाचा ठाम हवाला. एआय वापरण्याला माझा विरोध नाही. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण उतरवायला, द्विरुक्ती शोधायला, सूचीचा पहिला खर्डा करायला ते जरूर वापरावं. पण टंकनाचे जे तास वाचतात ते तपासणीत घालायचे असतात, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

संदर्भ न तपासता पुढे पाठवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यांतली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक मात्र खरे. इझाबेल आयेंदे, अँडी वेअर अशा नामवंतांच्या नावावर त्यांनी न लिहिलेल्या कादंबऱ्या कथानकाच्या सारांशासह छापल्या गेल्या. पुरवणी बाहेरच्या वितरण संस्थेकडून आली होती, मजकूर एका मुक्त लेखकाने एआयकडून घेतला होता आणि तो न तपासल्याचं त्याने नंतर कबूल केलं. लेखक, वितरण संस्था, दैनिक या तिन्ही टप्प्यांवर प्रत्येकाने धरून चाललं की आधीच्याने पाहिलं असेल.

असं का होतं हे समजून घ्या, म्हणजे भाबडेपणा कमी होईल. चॅटबॉटमागचं भाषा-प्रारूप (लँग्वेज मॉडेल) पुढचा संभाव्य शब्द ठरवतं. त्याच्याजवळ ग्रंथालयाची तालिका नसते. अमुक लेखिकेच्या नावापुढे कसं शीर्षक शोभेल हे त्याला उत्तम कळतं, म्हणून खोटं शीर्षक खऱ्याइतकंच पटतं. त्याच चॅटबॉटला ‘हे खरं आहे ना?’ विचारणं म्हणजे तपासणी नव्हे. इंटरनेटवर शोध घेणारं साधन वापरलं तरी दुवा खरा आणि त्या पानावर तो दावाच नाही, असं सर्रास होतं.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे, पण ती दगा देत नाही. संहितेतलं प्रत्येक विशेषनाम, साल, आकडा आणि अवतरण पिवळं करायचं. मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पिवळा रंग काढायचा नाही. पुस्तक असेल तर ग्रंथालयाच्या तालिकेत शीर्षक आणि लेखक दोन्ही जुळले पाहिजेत. अवतरण असेल तर मूळ आवृत्तीतला पृष्ठक्रमांक हवाच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिला असेल तर त्याचे १३ अंक आळीपाळीने १ आणि ३ने गुणून बेरीज करा. बेरजेला १०ने पूर्ण भाग गेला नाही तर तो क्रमांक चुकीचा. भाग गेला म्हणून पुस्तक खरं ठरत नाही, तालिका पाहावीच लागते. शेवटी जे पिवळं राहील ते वाक्य उडवायचं, कितीही आवडतं असलं तरी. माहितीपर पुस्तकाला या कामात कित्येक दिवस जातात. ते वेळापत्रकात आधीच धरा. छपाईच्या आदल्या रात्री हे होत नाही.

अख्खं प्रकरण देऊन ‘सुधारून दे’ म्हणणं

नवशिक्यांची ही लाडकी वाट. ‘भाषा सुधार’ एवढीच सूचना द्यायची, आलेला मजकूर मूळ फाइलवर चिकटवायचा आणि झालं म्हणायचं. झालं काहीच नसतं, उलट गेलेलं असतं बरंच.

पहिलं म्हणजे मजकूर आटतो. एका वेळी किती मजकूर हाताळायचा याला मर्यादा असते, आणि देवनागरीला त्याच आशयासाठी इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (यंत्र मजकूर ज्यांत मोजतं ते शब्दांचे तुकडे) लागतात, म्हणून ती लवकर गाठली जाते. मग शेवटाकडे संपादनाऐवजी सारांश सुरू होतो. दुसरं, बोली सपाट होते. ‘आरं, कुटं निगालास?’ असं विचारणारा म्हातारा निमूटपणे ‘अरे, कुठे निघालास?’ विचारू लागतो आणि पात्र तिथेच मरतं. तिसरं, तुटक वाक्यं जोडली जातात, मुद्दाम ठेवलेली पुनरुक्ती जाते, आणि जागोजागी ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, ‘केवळ एवढंच नव्हे, तर’ असली वळणं उगवतात. यांतलं काहीही यंत्र सांगून करत नाही. म्हणूनच हा प्रकार उघड चुकीपेक्षा धोक्याचा आहे.

असं करा. मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून बाजूला ठेवा. एका वेळी ६०० ते ८०० शब्दच द्या. सूचनेत स्पष्ट लिहा: मजकूर पुन्हा लिहू नकोस, चुका तीन रकान्यांत दे, मूळ वाक्य, दुरुस्ती आणि कारण, संवादाला हात लावू नकोस. मग पटलेली दुरुस्ती स्वतः टंकून करा. हे हळू चालतं, आणि चालू द्यावं. हाताने टंकताना निम्म्या ‘दुरुस्त्या’ अनावश्यक होत्या हे आपोआप कळतं.

आधीच सगळं प्रकरण बदलून बसला असाल तर वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबवरच्या ‘कंपेअर’ने जुनी आणि नवी फाइल समोरासमोर लावा. शब्दसंख्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त घटली असेल तर बदल एकेक करून तपासत बसू नका, जुन्या फाइलपासूनच पुन्हा सुरुवात करा.

अनुवादात पात्रांची नाती न सांगणं

इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण. यंत्राला नातं सांगितलं नाही तर एकाच पानावर बहीण भावाला आधी ‘तू’ आणि मग ‘तुम्ही’ म्हणते. तेच लिंगाचं. निवेदिका बाई असली तरी ‘मी गेलो’ उमटतं, कारण इंग्रजी क्रियापदात खूण नसते. हिंदीची सावलीही पडते: शिक्षण या अर्थी ‘शिक्षा’ आलं तर मराठी वाचकाला तो दंड वाटतो. काम सुरू करण्याआधी एक तक्ता करा: पात्र, लिंग, कोण कुणाला काय म्हणतं, नावाचं ठरलेलं लेखन. प्रत्येक तुकड्यासोबत तो पुन्हा द्या; एकदा दिला की लक्षात राहील हा समज सोडा.

लहान दिसणाऱ्या, पण नाचक्की करणाऱ्या

चॅटबॉटचं बोलणं मजकुरात राहणं. २०२४ मध्ये एका विज्ञान नियतकालिकात छापून आलेल्या शोधनिबंधाची सुरुवातच ‘नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने झाली होती. ‘नक्कीच’, ‘खालीलप्रमाणे’, ‘भाषा-प्रारूप म्हणून’ हे शब्द शोधून पाहायला दोन मिनिटं लागतात.

‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ संगणकावर दोन वेगळ्या युनिकोड संकेतांनी लिहिता येतो आणि पडद्यावर सहसा एकसारखाच दिसतो. यंत्राकडून आलेला आणि तुम्ही टंकलेला वेगळा असेल तर ‘शोधा आणि बदला’ अर्धे शब्द सोडून देतं. अक्षरजुळणीआधी एकच रूप करून घ्या.

संपादकांनो, एआय-ओळखणाऱ्या साधनाचा आकडा पाहून संहिता नाकारू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं; कंपनीच्याच चाचणीत त्याला यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखता आला होता आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने यंत्राचा ठरवला होता. शंका असेल तर लेखकाकडून आधीचे खर्डे मागा आणि एका प्रसंगाबद्दल दहा मिनिटं बोला.

घाई आणि लपवाछपवी

क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा स्वीकारणं काही काळ थांबवलं. त्या महिन्यात सुमारे ७०० खऱ्या कथांसोबत ५००च्या आसपास यंत्रलिखित कथा येऊन पडल्या होत्या. झटपट पैशाच्या नादाने पाठवलेल्या त्या ढिगामुळे दार बंद झालं ते वर्षभर एका कथेवर मेहनत करणाऱ्यांसाठी. याचा मला मनापासून राग येतो. तीन दिवसांत पुस्तक करायचंय त्यांनी संपादकाचा वेळ खाऊ नये.

अॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर, सप्टेंबर २०२३ पासून पुस्तक चढवताना एआयने तयार केलेला मजकूर, चित्रं किंवा अनुवाद आहे का हे सांगावं लागतं. तुम्ही नंतर भरपूर बदल केले तरी तो ‘एआय-निर्मित’च धरला जातो. स्वतः लिहून एआयकडून फक्त तपासून घेतलं असेल तर सांगण्याची सक्ती नाही. मुखपृष्ठाचं चित्र आणि अनुवाद यांचा विसर हमखास पडतो.

हक्कांचंही पाहा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेतला मानवी मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिलं, यंत्राने काढलेल्या चित्रांना नाकारलं. यंत्राला नुसत्या सूचना लिहून दिल्याने कर्तेपण मिळत नाही, ही त्याच कार्यालयाची जानेवारी २०२५ची भूमिका. म्हणून प्रकाशकाच्या करारातलं ‘सर्व मजकूर माझी मूळ निर्मिती आहे’ हे कलम सही करण्याआधी वाचा, आणि तुमचं पुस्तक प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी देण्याचा हक्क कुणाकडे राहतो हेही विचारा. त्याबद्दल करारात काहीच नसेल तर लिहून घ्या. खर्डे तारखेनिशी जपा, आणि कोणत्या प्रकरणात कोणतं साधन कशासाठी वापरलं याची एक ओळ त्याच दिवशी नोंदवा.